गावातल्या उद्योजकांना संगणक शिकवायचाय, पण पैसे कोण देणार? निधीचे मार्ग आणि अर्जाची तयारी

समजा, तालुक्याच्या गावापासून १२ किलोमीटरवर एक वाडी आहे. तिथल्या बचत गटातल्या १० बायका उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि शेवया करतात. मालाला चव आहे, गिऱ्हाईकही आहे. पण उद्योगाची नोंदणी करायची म्हटलं की तालुक्याला जाऊन कुणाला तरी पैसे देऊन फॉर्म भरून घ्यावा लागतो. खरं तर 'उद्यम' नोंदणी सरकारच्या पोर्टलवर मोफत होते. व्हॉट्सॲपवर आलेली एखादी ऑर्डर वहीत उतरवायची राहून जाते. बँक कर्जासाठी वर्षभराचा हिशोब मागते, तो कुणाकडेच तयार नसतो.

या बायकांना संगणक आणि मोबाइलचा कामापुरता वापर शिकवायला हवा, हे सरपंचापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांनाच पटतं. गाडी अडते ती खर्चावर. हे शिकवायचे पैसे कोण देणार?

पैसे मिळण्याचे मार्ग आहेत, आणि ते एकापेक्षा जास्त आहेत. मात्र निधी देणारे बहुतेक जण 'किती लोकांना प्रमाणपत्र मिळालं' हे मोजतात. पापड विकणाऱ्या बाईला हवं असतं ते वेगळंच: 'माझं काम मला स्वतःला करता यायला हवं.' अर्ज करणाऱ्याला या दोन गोष्टींमधलं अंतर ओळखावं लागतं. ते ओळखलं नाही, तर निधी मिळूनही हाती फारसं काही लागत नाही.

गरज किती मोठी आहे?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातल्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांमध्ये संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होतं. इंटरनेटची सोय ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के घरांमध्ये, तर शहरी भागातल्या ४२ टक्के घरांमध्ये होती.

त्यानंतर स्वस्त डेटा आणि स्मार्टफोन गावोगाव पोहोचले. यूपीआयचा क्यूआर कोड भाजीच्या गाडीवरही दिसू लागला. पण फोन हातात असणं आणि तो धंद्यासाठी वापरता येणं यात फरक आहे. व्हिडिओ बघता येतो म्हणून बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करता येतं असं नाही. क्यूआर कोडवर पैसे आले म्हणून महिन्याला नफा झाला की तोटा, हे कळतं असंही नाही.

सरकारची मोठी योजना होती, तिचं काय झालं?

ग्रामीण भागात डिजिटल साक्षरता पोहोचवण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' मंजूर केलं. २,३५१ कोटी रुपयांच्या या योजनेचं उद्दिष्ट होतं ६ कोटी ग्रामीण कुटुंबं, प्रत्येक घरातली एक व्यक्ती. वयाची अट १४ ते ६० वर्षं. प्रशिक्षण २० तासांचं.

ही योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली. तोपर्यंत सुमारे ६ कोटी ३९ लाख लोकांनी प्रशिक्षण घेतलं होतं आणि जवळपास पावणेपाच कोटी लोकांना प्रमाणपत्र मिळालं होतं. आकड्यांकडे पाहिलं तर हे काम प्रचंड मोठं आहे.

पण यातला एक तपशील अर्ज करणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला एका उमेदवारामागे ३०० रुपये मिळायचे आणि तेही उमेदवार परीक्षा पास झाल्यावर. डिजिटल उपकरण सुरू करणं, इंटरनेट वापरणं, ईमेल पाठवणं, ऑनलाइन पैसे भरणं, सरकारी सेवा शोधणं एवढा अभ्यासक्रम त्यात बसत होता. ओळख करून द्यायला हे ठीक होतं. मात्र शिकलेल्या व्यक्तीने पुढे सहा महिन्यांत ते धंद्यात वापरलं का, हे जाऊन पाहण्याचे पैसे त्यात नव्हते.

म्हणून नवा अर्ज लिहिताना 'डिजिटल साक्षरता' एवढाच शब्द पुरत नाही. 'ते तर झालंय की' असं उत्तर येण्याची शक्यता असते. त्यापुढचा टप्पा, म्हणजे धंद्यासाठी वापर, तुम्ही शिकवणार आहात हे पहिल्याच पानावर दिसायला हवं.

निधी कुठून मिळू शकतो?

१. नाबार्ड. बचत गटांच्या सदस्यांना छोट्या उद्योगाचं प्रशिक्षण देण्यासाठी नाबार्ड २००६ पासून सूक्ष्म उद्योजकता विकास कार्यक्रम चालवते. २०१५ मध्ये त्याला उपजीविका आणि उद्योजकता विकास कार्यक्रमाची जोड मिळाली. त्यात प्रशिक्षणानंतरचा पाठपुरावाही धरलेला असतो. हे कार्यक्रम स्वयंसेवी संस्थांमार्फत होतात. सुरुवात करायची ती नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकाला भेटून.

२. आरसेटी. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याच्या पातळीवर बँका चालवतात. इथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्याजेवणाची सोय असते. या कल्पनेचा उगम १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे झाला. धर्मस्थळाच्या ट्रस्टने दोन बँकांना सोबत घेऊन तिथे 'रुडसेटी' सुरू केली. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर दीर्घकाळ पाठपुरावा, ही या पद्धतीची ओळख. आरसेटी तुम्हाला रोख निधी देणार नाही. पण तुमच्याकडे शिकायला तयार असलेला गट असेल, तर त्यांच्यासाठी तुकडी घेण्याची विनंती करता येते. तसं झालं तर निधी उभारण्याची गरजच कमी होते.

३. उमेद आणि माविम. राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान म्हणजे 'उमेद' आणि १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे 'माविम' यांच्याकडे बचत गटांचं जाळं आहे. उमेदचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ, तर माविमची लोकसंचालित साधन केंद्रं गावाजवळ असतात. इथून मोठा निधी मिळाला नाही, तरी शिकणाऱ्यांची यादी, बसायला जागा आणि विश्वास मिळतो. बाकी निधीदार नेमकं हेच विचारतात.

४. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत. अनेक जिल्हा परिषदांचा महिला व बालकल्याण विभाग मुली आणि महिलांसाठी संगणक प्रशिक्षणाची योजना राबवतो. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करणं अपेक्षित असतं. लहान गावात ही रक्कम मोठी नसते, पण जागा, वीज आणि इंटरनेट एवढं त्यातून भागू शकतं. त्यासाठी मागणी ग्रामसभेत मांडून गावाच्या विकास आराखड्यात यायला हवी. 'आमचा गाव, आमचा विकास' या नावाने ओळखला जाणारा हा आराखडा दरवर्षी तयार होतो. त्याच्या बैठका सुरू झाल्या की विषय नोंदवून घ्यायचा.

५. जन शिक्षण संस्थान. कमी शिकलेल्या किंवा शाळा सुटलेल्या प्रौढांना कौशल्य शिकवणाऱ्या या संस्थांची सुरुवात १९६७ मध्ये मुंबईत वरळीला 'श्रमिक विद्यापीठ' म्हणून झाली. आज त्या केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाखाली येतात. तुमच्या जिल्ह्यात असं संस्थान असेल, तर त्यांच्यासोबत तुकडी घेता येते का, हे विचारायला हवं.

६. कंपन्यांचा सीएसआर निधी. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार, ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. या कामांच्या यादीत रोजगारक्षम कौशल्यं, उपजीविका वाढवणारे प्रकल्प आणि ग्रामीण विकास हे तिन्ही विषय आहेत. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. त्यामुळे मुंबईतल्या मोठ्या नावाच्या मागे लागण्याआधी जवळच्या एमआयडीसीत कोण आहे ते बघावं. कोणती कंपनी कुठे आणि कशावर खर्च करते, याची माहिती केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर पाहता येते.

७. परदेशी निधी. तो घ्यायचा तर एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे 'मोठ्या संस्थेने घेऊन आम्हाला द्यावा' हा जुना मार्ग आता बंद आहे.

अर्ज कोण करू शकतं?

एकटी व्यक्ती किंवा नोंदणी नसलेला गट यांना संस्थात्मक निधी मिळणं अवघड असतं. साधारणपणे पुढची कागदपत्रं मागितली जातात:

- विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कलम ८ खालची कंपनी म्हणून नोंदणी
- नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवरचा क्रमांक
- आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी नोंदणी
- सीएसआरसाठी 'सीएसआर-१' फॉर्म भरून मिळालेला क्रमांक, जो एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे
- मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि अशाच कामाचा अनुभव

शेवटच्या अटीवर नव्या संस्था अडकतात. तीन वर्षांचा अनुभव एका रात्रीत तयार होत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे जिल्ह्यातल्या जुन्या, हिशोब स्वच्छ असलेल्या संस्थेसोबत भागीदारी. अर्ज तिच्या नावाने आणि गावातलं काम तुमच्याकडे, असं लेखी ठरवून घ्यायचं. कोण काय करणार आणि पैसे कसे खर्च होणार, हे करारात स्पष्ट लिहिलेलं बरं. तोंडी बोलणीत पुढे वाद होतात.

संगणक मागावेत की प्रशिक्षण?

निधीची चर्चा सुरू झाली की पहिली मागणी येते ती २० संगणकांची. वस्तू दिसते, तिचा फोटो निघतो, उद्घाटन होतं. पण महाराष्ट्रातल्याच एका जुन्या प्रयोगातून यावर बरंच शिकता येतं.

१९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं त्यात होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून खर्च उचलला. गावागावांत संगणक असलेली केंद्रं उभी राहिली. शेतकऱ्यांना त्यावर शेतीची, बाजाराची, सरकारी कामांची माहिती मिळेल अशी कल्पना होती.

पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी पाहिलं, तेव्हा या संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊस आणि कारखान्याच्या हिशोबापुरताच होत होता. त्यांनी ७ गावांत साधारण ८ महिने वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी मोबाइलवरून एसएमएस पाठवून शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती मिळवता यायची. काम तेच, खर्च कमी.

वारणेचा धडा असा नाही की संगणक नकोत. आधी काम ठरवावं आणि मग त्याला लागणारं साधन, असा तो धडा आहे. पापड विकणाऱ्या गटाला रोजच्या ऑर्डरींसाठी मोबाइल पुरतो. वर्षाचा हिशोब, बिलं, लेबल आणि बँकेचा प्रस्ताव करायला संगणक लागतो. म्हणजे दहा जणींत एक लॅपटॉपही पुरू शकतो.

इथे सीएसआरचा एक नियम उपयोगी पडतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार या निधीतून घेतलेली मालमत्ता लाभार्थी बचत गटाच्या नावावर ठेवता येते. लॅपटॉप संस्थेच्या कपाटात न राहता गटाकडे राहावा असं वाटत असेल, तर अर्जात तसं स्पष्ट मागा.

बजेट कसं मांडायचं?

बहुतेक अर्जांत प्रशिक्षकाचं मानधन, साहित्य आणि चहापाणी एवढंच असतं. शिकायला येणाऱ्या बाईचा खर्च कुणी धरत नाही. ती वर्गाला आली, तर त्या दिवशीची मजुरी बुडते. एसटी किंवा वडापचं भाडं लागतं. लहान मूल कुणाकडे तरी सोडावं लागतं. मग चौथ्या दिवशी हजेरी घसरते आणि अहवालात 'महिलांमध्ये उदासीनता' असं लिहिलं जातं.

हे टाळण्यासाठी एक नमुना पाहू. ३० महिला, ३ तासांचे २० वर्ग, आठवड्यातून दोनदा, म्हणजे अडीच महिने. त्यानंतर ६ महिने पाठपुरावा. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्यक्ष दर गावानुसार बदलतील.

- प्रशिक्षक: २० वर्ग × ८०० रुपये = १६,०००
- गावातलीच मदतनीस: २० वर्ग × ४०० रुपये = ८,०००
- १५ लॅपटॉपचं भाडं: ३ महिने × ५०० रुपये = २२,५००
- जागा, वीज, इंटरनेट: ३ महिने × २,००० रुपये = ६,०००
- मराठीत छापलेलं साहित्य: ३० × १५० रुपये = ४,५००
- प्रवासभाडं: ३० महिला × २० वर्ग × ३० रुपये = १८,०००
- मुलं सांभाळणारी व्यक्ती: २० वर्ग × ३०० रुपये = ६,०००
- पाठपुरावा: ६ महिने × ४,००० रुपये = २४,०००
- हिशोब आणि अहवाल: ५,०००

एकूण १,१०,००० रुपये. म्हणजे एका महिलेमागे साधारण ३,६६७ रुपये. ३०० रुपयांशी तुलना केली तर हा आकडा मोठा वाटतो आणि निधी देणारा तसं म्हणेलही. पण हे प्रशिक्षण २० तासांचं नाही, ६० तासांचं आहे. शिवाय प्रवास, मुलांची सोय आणि पाठपुरावा मिळून ४८,००० रुपये होतात, आणि हजेरी टिकते ती याच खर्चामुळे.

बुडालेल्या मजुरीचं काय? वरच्या बजेटमध्ये ती धरलेली नाही. ती मागायची असेल, तर सरकारचाच दाखला देता येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा १८ व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळतं. शिकायला आल्यावर कमाई थांबते, हे केंद्र सरकारनेच मान्य केलेलं आहे. तुमच्या गटात या १८ व्यवसायांतलं कुणी असेल, तर त्यांना आधी या योजनेकडे पाठवा. तिथल्या प्रशिक्षणात डिजिटल व्यवहारांचाही भाग असतो.

काय शिकवायचं, काय मोजायचं?

अभ्यासक्रमाची सुरुवात 'संगणकाचे भाग' इथून करायची गरज नाही. सुरुवात कामापासून करता येते. पहिल्या आठवड्यात आपल्या मालाचा भाव आणि खर्च शीटमध्ये भरायचा. दुसऱ्या आठवड्यात बिल बनवायचं. मग बँकेचं स्टेटमेंट काढायचं, उद्यम नोंदणी करायची, मालाचे फोटो आणि माहिती ग्राहकाला पाठवायची. टायपिंग आणि फाइल सेव्ह करणं या ओघात येतं.

फसवणुकीपासून बचाव हा धडाही हवाच. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. नव्याने ऑनलाइन आलेल्या उद्योजकाचे एकदा पैसे गेले, तर ती पुन्हा त्या वाटेला जात नाही.

अर्जात यशाचे निकष असे लिहिता येतील:

- किती जणींनी उद्यम नोंदणी स्वतःच्या हाताने केली
- सहा महिन्यांनंतर किती जणी दर महिन्याचा हिशोब ठेवतात
- किती जणींनी त्या हिशोबाच्या आधारे बँकेकडे अर्ज केला
- बाहेरच्या माणसाला फॉर्म भरण्यासाठी द्यावे लागणारे पैसे किती कमी झाले

हेच प्रश्न प्रशिक्षण सुरू होण्याआधीही विचारून उत्तरं लिहून ठेवायची. आधीची नोंद नसेल, तर बदल झाला हे दाखवणार कसं? एका पानाचा तक्ता पुरतो. कंपन्यांना आणि नाबार्डला आपापल्या अहवालासाठी असेच आकडे लागतात, त्यामुळे हे काम तुम्हाला पुढचा निधी मिळवून देऊ शकतं.

मोठा निधी मिळेपर्यंत काय?

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी ती जाहीरपणे सांगितली आहे. बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक महिला निरक्षर होत्या. महिलांनी वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना सांगितलं की व्याजाचं गणित आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवतो. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. पुढे माणदेशीने महिलांसाठी उद्योगाचं शिक्षण देणारी, बसमधून गावोगाव जाणारी शाळाही चालवली. त्या महिलांनी परवान्याची वाट न बघता आधी वर्ग सुरू केले होते.

संगणक प्रशिक्षणाचंही असंच करता येतं. पहिली तुकडी १० जणींची ठेवायची. शाळेची संगणक खोली सुट्टीच्या दिवशी मागायची, किंवा गावाजवळच्या एमएस-सीआयटी केंद्राला दुपारच्या मोकळ्या वेळेसाठी विचारायचं. ग्रामपंचायतीतल्या 'आपले सरकार सेवा केंद्रा'चा चालक शिकवायला तयार असेल, तर प्रशिक्षकाचाही प्रश्न सुटतो. त्या दहा जणींची आधीची आणि नंतरची नोंद ठेवायची.

मग निधीसाठी निघताना हातात तो एक पानाचा तक्ता असेल. पहिल्या भेटीला नाबार्डचं जिल्हा कार्यालय, दुसरी आरसेटी, तिसरी जवळच्या एमआयडीसीतली कंपनी. कंपन्यांचा वर्षाचा आराखडा साधारणपणे एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या आसपास ठरतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतच भेट घेतलेली बरी. आणि जमलं तर शिकलेल्या दहा जणींपैकी एकीला सोबत न्यावं. तिने स्वतः बनवलेलं बिल टेबलावर ठेवलं, तर पुढचं बोलणं सोपं होतं.